दोन मायक्रो, तीन मायक्रो, तीस सेंटिमीटर

११ नोव्हें., मंगळ.
पुन्हा सहा लाख न्यूटन.
दोन चार्ज, विजेचे. एक दोन मायक्रो, दुसरा तीन मायक्रो. मधे तीस से.मी. फोर्स काढा. उत्तर शून्य पॉइंट सहा न्यूटन, अकरावीचं पोर काढतं. मी बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, आणि माझे सहा लाख. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग; पहिल्याचा दहाचा उणे सहावा घात घेतला, दुसऱ्याचा राहिला. गेल्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात नोकरीसाठीच्या डेमोला, फळ्यावर, सगळ्यांसमोर हेच केलं होतं. पुढच्या बाकावरचे टकले सर म्हणाले, "मॅडम, या दोन गोळ्या साठ टन ओढणार? मग उसाच्या ट्रकला इंजिन कशाला पाहिजे?" तिघं परीक्षक हसले. मीही हसले. खडू ठेवला, बाहेर आले, बसस्टँडच्या नळावर तोंड धुतलं.
वर्ष झालं. चूक अजून घरजावयासारखी ठाण मांडून बसलीय.

१३ नोव्हें., गुरु.
त्याच कॉलेजातून फोन! फिजिक्सच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात, तासिका तत्त्वावर कुणी हवंय. आठवड्याला नऊ तास. डेमो २८ ला, सकाळी अकरा. विषय कुलोमचा नियम, गणितांसकट. मुद्दाम दिला की काय? नसेल. अकरावीचा तोच धडा चालू असणार.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं. विक्रमला बीडला फोन लावला. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातले नवऱ्याचे दिवस मोजले तर शनिवार-रविवारच भरतील. बाकी तो आमदार साहेबांच्या ऑफिसात. "मीटिंगमधी हाय, मग करतो." मग केला नाही. होस्टेलच्या शमाला मेसेज टाकला, संध्याकाळपर्यंत टिका निळ्या झाल्या नाहीत. आई असती तर. नाही, ते नको.
शेवटी म्हशीला सांगितलं. तिनं एक कान हलवला. आज दिवसभरात मला मिळालेलं तेवढंच उत्तर.

१५ नोव्हें., शनि.
जेवताना विषय काढला. वि. म्हणाला, "तासावर? दोनदा सरपंच झालेल्या माणसाची सून तासावर जाणार?" सासरे, आबा, भाकरी मोडत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दी की. आधी डेमो तर हू दी. गेल्या बारीला काय झालतं ठाव हाय."
परवानगी मिळाली म्हणायची. नापास होणार या खात्रीवर मिळालेली.
नंतर वि. खाटेवर आडवा होऊन म्हणाला, "काय गं हे, रोज काय आकडेमोड करतीस?" मी वही घेऊन शेजारी बसले, सांगायला लागले. दुसऱ्या वाक्याला घोरत होता. दमतो बिचारा, खरंच दमतो. पण मी ते वाक्य पुरं केलं. अर्धं सोडवत नाही मला.

१७ नोव्हें., सोम.
धान्याच्या खोलीचं दार जुनं, काळं झालेलं. त्यावर खडू छान उठतो. दुपारी सगळं निवांत असतं तेव्हा दारासमोर उभी राहून "गुड मॉर्निंग स्टुडंट्स" म्हटलं. मागून आत्याबाई. (सासूबाईंना आत्याबाई म्हणायचं हे मला इथं येऊनच शिकावं लागलं.)
"कावून गं, दाराशी बोलतीस व्हय?"
"शिकवायची सवय करतेय."
"दाराला?" भुईमुगाचं सूप घेऊन उंबऱ्यावर बसल्या. "मला शिकव. दारापेक्षा मला लई कळंल."
सांगितलं: अधिक आणि अधिक एकमेकांना ढकलतात, अधिक आणि उणं ओढतात. म्हणाल्या, "म्हंजी दोन जावा." मग अंतर दुप्पट केलं तर ढकलणं अर्ध्यावर नाही, चौथाईवर येतं, हे सांगितलं. शेंगा फोडता फोडता थांबल्या. "म्हणूनच माझी थोरली जाऊ परभणीला गेल्यावर बरी वागती."
किती दिवसांनी हसले. तोंडाचे स्नायू दुखले.

१८ नोव्हें., मंगळ.
मायक्रोचं भूत उतरलं. आता उणे सहा दोन्ही ठिकाणी लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. दुधानं तोंड पोळलंय, ताकसुद्धा फुंकून पिते.
तर दुसरंच भूत. सहा हजारांश न्यूटन. बरोबर उत्तराचा शंभरावा भाग. दहा वेळा तपासलं, सापडेना. तीसचा वर्ग नऊशे, चौरस से.मी. शंभर सेंटिमीटरचा एक मीटर, म्हणून भागिले शंभर, नऊ चौरस मीटर. चुकलं कुठे?
आबा हातात ताट घेऊन ज्वारी काढायला आले होते. दार लिहून भरलेलं, उघडायचं कसं म्हणून थांबले. वाचत राहिले. आबा जुने सातवी पास, पण अख्ख्या शिवाराची मोजणी तोंडपाठ.
"सूनबाई, गुंठा केवढा?"
"तेहतीस फुटांचा."
"समदी तसंच म्हणत्यात. तेहतीस फूट हिकडून अन् तेहतीस फूट तिकडून. तुमी एकच बाजू मोजली."
मी दाराकडे बघत उभी. बरोबर! एक मीटर म्हणजे शंभर से.मी., पण चौरस मीटर म्हणजे शंभर गुणिले शंभर. दहा हजार. नऊशेला दहा हजारानं भागायचं, शून्य पॉइंट शून्य नऊ. लहानपणापासून "तेहतीस फुटाचा गुंठा" ऐकलेलं. सगळे एक बाजू गिळतात, बोलताना चालतं, कारण दुसरी बाजू प्रत्येकाच्या डोक्यात असते. माझ्या डोक्यातून ती निसटली होती.
आबांनी ज्वारी घेतली. जाताना म्हणाले, "मोजणीवाला चुकला तर बांधावर कुऱ्हाडी निघत्यात. तुमचं काय, निस्ते मार्क जातील."
पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. पडायला हवं होतं.

१९ नोव्हें., बुध.
भाकरी थापताना घोकते: एकक आधी, वर्ग नंतर. एकक आधी, वर्ग नंतर. आधीच तीस से.मी.चे शून्य पॉइंट तीन मीटर करून टाकायचे, मग वर्ग, म्हणजे भानगडच नाही. तव्यावर भाकरी उलटवताना आत्याबाईही म्हणायला लागल्या: "एकक आदी, वर्ग नंतर." अर्थ विचारला नाही, चाल आवडली.

२० नोव्हें., गुरु.
आज वेगळं गणित. चार मायक्रो आणि एक मायक्रो, मधे तीस से.मी. तिसरा चार्ज कुठे ठेवला म्हणजे त्याच्यावर काहीच फोर्स लागणार नाही? उत्तर: चारपासून वीस, एकपासून दहा. गंमत म्हणजे इथे काही बदलावंच लागत नाही. दोन्ही बाजूंना तेच एकक, आपोआप कटतं. कुठे बदलायचं हे शिकले होते. कुठे नाही बदललं तरी चालतं हे आज कळलं, आणि त्याचा आनंद जास्त झाला.
आनंद झाला की मात्र घर जास्त रिकामं वाटतं. आत्याबाई लग्नाला तलवाड्याला. आबा चावडीवर. दोन्हीकडून सारखंच ढकलणं, म्हणून मधला जागचा हलत नाही. पुस्तक याला समतोल म्हणतं. मला त्या मधल्याची दया आली. काहीतरीच.

२२ नोव्हें., शनि.
वि. पेढे घेऊन आला. निवडणूक लागली. सरपंचाची जागा या वेळी महिलेला सुटलीय हे गावाला आधीच ठाऊक होतं, नाव कुणाचं तेवढंच राहिलेलं.
ओसरीवर बारा-पंधरा माणसं. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा आबा बोलत होते. "आमची सूनबाई. शिकलेली हाय. अन् हिसाबाला अशी पक्की की चुकलं तर चूक सापडंपर्यंत उठत न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "झालं तर मग, मनीषाताई!"
आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं. अशा कामासाठी केलं.
आत वि.ला म्हटलं, मला विचारलं नाही कुणी. तो खरंच चकित झाला. "अगं, तुझं नाव लागणार! गावभर तुझे बॅनर. तुला काय करायचंय, सही तेवढी. बाकीचं आमी बघतो की."
नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.
अर्ज भरायची शेवटची तारीख २८. दुष्काळात तेरावा महिना.

२४ नोव्हें., सोम.
कागदपत्रं. आधार, जात, टी.सी., शौचालयाचा दाखला. वि.नं दोन संच करायला सांगितले. दुसरा आत्याबाईंच्या नावाचा. "डमी. तुझा छाननीत उडाला तर असावा घरातला एक. तसं सगळेच करत्यात." आत्याबाईंनी अंगठा पुढे केला, मी म्हटलं, तुम्हाला सही येते की. चौथीपर्यंतची सही, हळूहळू, एकेक अक्षर. डमीची सही माझ्यापेक्षा सुंदर आली.

२६ नोव्हें., बुध.
केली सही. कारण सांगायचं तर तसं काही नाही. वि. समोर होता, आबा समोर होते, पेन हातात होतं. आबांना नाही म्हणायचं म्हणजे त्या दिवशीच्या गुंठ्यालाही नाही म्हणायचं, असं काहीतरी वाटलं.
एकच अट घातली: २८ ला अकरा वाजता मी कॉलेजात. वि. भडकला, "डेमो काय पुन्हा हुतील." आबा म्हणाले, "जाऊ दी. तासाभराचं काम हाय. एक वाजता तहसीलला ये म्हणावं, हार घालायला." अजूनही नापास होणार याची खात्री. चांगलंच झालं.

२८ नोव्हें., शुक्र.
लिहिते. आधी डेमो.
खरा वर्ग होता. अकरावीची चाळीस पोरं-पोरी, मागच्या बाकावर तीन परीक्षक, त्यात तेच टकले सर. दोन मायक्रो, तीन मायक्रो, तीस से.मी. फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, आधी तुम्ही सोडवा. खिडकीजवळची एक मुलगी उठली, धनगरवस्तीवरून येते म्हणे, धिटाईनं म्हणाली, सहा हजारांश. वर्ग हसला.
मला तिचं हसू झालेलं सहन झालं नाही. म्हटलं, हसू नका, मलाही दहा दिवसांपूर्वी हेच उत्तर आलं होतं. तिला विचारलं, गुंठा केवढा? "तेहतीस फुटाचा, मॅडम." सगळ्या वर्गानं मान हलवली. म्हटलं, फळ्यावर ये, काढून दाखव. तिनं एक रेघ काढली. मग थांबली. मग चौकोन पुरा केला. "दोन बाजू हायेत!" आणि स्वतःच जाऊन दहा हजारानं भागलं. शून्य पॉइंट सहा.
टकले सर उठले. "एक चार्ज उणा केला तर?" मी म्हटलं, आकडा तोच, शून्य पॉइंट सहा, उण्यानं फक्त दिशा कळते, ढकलायच्या जागी ओढतील. "आणि अंतर वाढवत नेलं तर फोर्स शून्य कधी होईल?" कधीच नाही सर, म्हटलं. कमी कमी होत जाईल. सर बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक गुंठा.
एक वाजता तहसीलसमोर. हलगी, गुलाल, हार. वि.नं मोबाइलवर फोटो दाखवला: हात जोडलेली मी, दोन्ही हातांची बोटं खडूनं पांढरी. "हात तरी धुवायचे व्हते," म्हणाला.
आज मी इतकी खूश होते की त्या सगळ्या गर्दीत कुणाला सांगू कळेना. कुणी विचारलंच नाही डेमो कसा झाला.

१ डिसें., सोम.
छाननी झाली. दोन्ही अर्ज वैध.
दुपारी कॉलेजचा फोन. निवड झाली. नऊ तास, गुरुवारपासून. बुधवार संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला बोलावतील.
वि.ला सांगितलं. "सांग त्येनला, दुसरं बघा म्हणावं. पंधरा दिवस दारोदार फिरायचंय, अन् नंतर पाच वर्सं." मग जरा मऊ होऊन, "वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या वर्षी बघू."
पुढच्या वर्षी. त्याच्या आवाजात खरंच प्रेम होतं, तेच जास्त लागलं. भांडला असता तर भांडता आलं असतं.
माघारीची मुदत बुधवारी दुपारी तीन. अर्ज मागे घ्यायला उमेदवाराचीच सही लागते. घराण्याची चालत नाही.

२ डिसें., मंगळ.
आत्याबाईंना सगळं माहीत होतं. चुलीपुढे बसलो होतो दोघी.
"तुझा अर्ज काढला तर माझा ऱ्हातो, व्हय ना?"
"हो."
"मग काढ की."
"आत्याबाई, तुमचा तर डमी आहे."
लाकूड आत सारलं. "तीस वर्सं त्या वसरीवर च्या नेऊन दिलाय मी. कोन खरं बोलतंय, कोन लबाड, कुनाची पाणंद अडली, कुनाला घरकुल न्हाई भेटलं, समदं ऐकलंय हुभं राहून. कपबशा गोळा करत." फुंकणी खाली ठेवली. "तुला कुनी इचारलं न्हाई म्हनून तू रडतीस. मला तर डमीचंबी कुनी इचारलं न्हाई. तू तरी इचारलंस का?"
नाही विचारलं. तीन वर्षं या बाईच्या शेजारी भाकऱ्या थापल्या आणि एकटी एकटी म्हणून वही भरली. लाज वाटली, इतकी की वर बघवेना.
मग विचारलं. "आत्याबाई, तुम्हाला सरपंच व्हायचंय?"
पदरानं तोंड पुसलं, धुराचं निमित्त.
"व्हय," म्हणाल्या. मग माझ्यावरच चिडल्या, "बघ की भाकर, करपली!"
संध्याकाळी वि.ला फोनवर म्हटलं, मी अर्ज काढायचा विचार करतेय. तो म्हणाला, "आबाची समद्या गावात नाचक्की करशील. आईला काय कळतंय त्यातलं? काढलास तर शनिवारी मी येणार न्हाई. पुढच्याबी न्हाई." ठेवला.
रडले. मला शनिवार हवे असतात. तो घोरत असला तरी हवे असतात.

३ डिसें., बुध.
तहसील, गेवराई. बाहेरचं बाकडं. दोन वाजून दहा.
सकाळी घरातून निघताना आबा ओसरीवर होते. "कुठं?" गेवराईला, म्हटलं. त्यांनी विचारलं नाही कशाला. चष्मा पुसत बसले. काय समजायचं कळलं नाही, बसमध्ये अख्खा रस्ता तेच.
माघारीचा नमुना घेतला. नाव, वय, गाव, पद, सगळं भरलं. सहीची जागा तेवढी राहिली. कॉलेज इथून चालत दहा मिनिटांवर, ऑफिस पाचला बंद होतं. आबांचा एक मिस्ड कॉल. वि.चा एकही नाही. दर दोन मिनिटांनी बघते, नाहीच.
सही त्यांच्यासमोर करायची का विचारायला आत गेले, नमुना पुढे केला, तर कारकून कागदावरून नजर न काढता म्हणाले, "ताई, तुमच्यासोबत कोण आलंय?"
"कुणी नाही."
तेव्हा त्यांनी वर बघितलं. मागे दाराकडेही बघितलं, कुणी येतंय का. मग कागद माझ्याकडे परत सरकवला. "मग तुम्हीच एकदा नीट वाचून घ्या. तीनपर्यंत आहे मी."
वाचतेय.